तारा जमिनीखाली का नाही टाकत? हाय-व्होल्टेज केबलची १४० वर्षांची गोष्ट

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर हेडफोन लावा.)



आजचा विषय तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात येतोच. वादळ होतं, झाड पडतं, लाईट जाते. पाच मिनिटांत कुणीतरी लिहितं, "एकविसावं शतक आलं तरी तारा हवेतच? सगळं अंडरग्राउंड करून टाका ना!" त्यावर वीस अंगठे येतात. मग लाईट येते आणि विषय संपतो.

पण प्रश्न चांगला आहे. खरंच, का नाही करत?

आधी एक फरक लक्षात घेऊया. आपल्या गल्लीत येणारी वीज वेगळी आणि गावाबाहेर उंच टॉवरवरून जाणारी वीज वेगळी. गल्लीतली, म्हणजे ११ किंवा २२ केव्हीपर्यंतची वीज जमिनीखालून नेणं आज काही नवीन नाही. खर्च येतो, रस्ते खोदावे लागतात, पण कसं करायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत तर बहुतेक ठिकाणी ती जमिनीखालीच आहे. आजची गोष्ट दुसऱ्या विजेची आहे. १३२ केव्ही, २२० केव्ही, ४०० केव्ही. केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. एका लाइनवर अख्खं शहर चालेल अशी ही वीज.

पुढच्या वेळी हायवेवरून जाताना टॉवर दिसला तर तारेकडे नीट बघा. ती तार उघडी असते. वर प्लास्टिक नाही, रबर नाही, काही नाही. लाखो व्होल्ट अंगावर घेऊन ती उघडीच लटकत असते. ते चालतं, कारण हवा तिच्यासाठी तीन कामं फुकटात करते. एक, हवा इन्सुलेशन देते, म्हणजे वीज इकडेतिकडे उडी मारत नाही. दोन, हवा तारेला थंड ठेवते. तिसरं काम जरा छुपं आहे, ते अंतराशी संबंधित आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

तार जमिनीत घातली की ही तिन्ही कामं आपल्याला करावी लागतात. हाय-व्होल्टेज केबलचा इतिहास म्हणजे ही तीन कामं माणूस एकेक करून कसा शिकला याची गोष्ट. आणि मधे एकदा एक काम नीट झालं नाही, तेव्हा एका श्रीमंत देशातल्या सगळ्यात मोठ्या शहराचा मध्यभाग पाच आठवडे कसा बंद पडला, तेही यात येतं.

न्यूयॉर्क: आकाश दिसेनासं झालं होतं

१८८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कचे फोटो गुगल करून बघा. रस्त्याच्या कडेला उंच लाकडी खांब आणि त्यांच्यावर तारांची जाळी. तारायंत्राच्या तारा, टेलिफोनच्या तारा, रस्त्यावरच्या दिव्यांच्या हाय-व्होल्टेज तारा, सगळ्या एकमेकींच्या अंगावर. प्रत्येक कंपनीची वेगळी तार, आणि बंद पडलेल्या कंपन्यांच्या तारा तशाच लटकलेल्या.

तारा जमिनीखाली घाला असा कायदा तिथे १८८४ मध्येच झाला होता. कंपन्यांनी चालढकल केली. मार्च १८८८ मध्ये प्रचंड हिमवादळ आलं, तारा आणि खांब रस्त्यावर आडवे झाले. तरी काम रेंगाळलंच.

मग ११ ऑक्टोबर १८८९ चा दिवस आला. जॉन फीक्स नावाचा लाइनमन भर दुपारी, भर गर्दीत खांबावर काम करत होता. तो ज्या तारा हाताळत होता त्या तारायंत्राच्या, म्हणजे निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या. पण कुठेतरी लांब त्यातली एक तार हाय-व्होल्टेज तारेला चिकटली होती. फीक्स तिथेच गेला. त्याचं शरीर बराच वेळ तारांच्या जाळ्यात अडकून राहिलं आणि खाली हजारो लोक बघत होते. त्यानंतर मात्र शहराने खांब अक्षरशः तोडायला सुरुवात केली.

गंमत म्हणजे त्याच शहरात एडिसनच्या तारा १८८२ पासून जमिनीखालीच होत्या. त्याला ते जमलं कारण त्याची वीज होती फक्त ११० व्होल्टची. एवढ्या कमी व्होल्टेजला इन्सुलेशन सोपं. पण कमी व्होल्टेजची वीज लांब जात नाही. तारेतच इतकी वाया जाते की साधारण दीड किलोमीटरच्या पुढे धंदा परवडत नाही. म्हणजे पेच असा झाला: लांब न्यायची तर व्होल्टेज वाढवा, व्होल्टेज वाढवलं तर पुरणं अवघड. हा पेच आजही तसाच आहे, फक्त आकडे मोठे झालेत.

पहिलं काम, इन्सुलेशन: कागद आणि मेण

आता लंडनला जाऊ. सेबास्टियन झियानी दे फेरांटी. नाव इटालियन, जन्म लिव्हरपूलचा, साल १८६४. वयाच्या तेविशीत त्याच्याकडे एक काम आलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पहिल्या नोकरीचं वय. काम काय, तर लंडनच्या बाहेर, थेम्स नदीकाठी डेप्टफोर्डला त्या काळातलं अवाढव्य वीजकेंद्र बांधायचं आणि तिथून वीज शहराच्या मध्यात आणायची.

त्याने व्होल्टेज ठरवलं १०,०००. त्या वेळी सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं असणार, कारण इतक्या व्होल्टेजला टिकेल अशी केबलच बाजारात नव्हती. मग त्याने स्वतः बनवली. तांब्याची एक नळी घेतली. तिच्यावर मेणात भिजवलेला तपकिरी कागद गुंडाळला, म्हणजे जवळपास पार्सलवर असतो तसला कागद. त्यावर दुसरी मोठी तांब्याची नळी. त्यावर पुन्हा कागद आणि सगळ्यात बाहेर लोखंडी पाइप. आतल्या नळीतून वीज जाणार, बाहेरच्या तांब्याच्या नळीतून परत येणार, आणि ही बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली, म्हणजे अर्थ केलेली.

हे तुकडे फक्त सहा मीटर लांबीचे होते. लंडनपर्यंत अकराएक किलोमीटरचं अंतर आणि अशा चार लाइन. हिशेब करा, सात हजारांवर जोड. प्रत्येक जोड हाताने केलेला आणि त्यातला एकही कच्चा राहून चालणार नाही.

अधिकाऱ्यांना भीती होती, की रस्ता खोदताना कामगाराची पहार या केबलमध्ये घुसली तर? फेरांटीने उत्तर कागदावर दिलं नाही. चालू केबल समोर ठेवली, एका सहकाऱ्याने छिन्नी धरली आणि दुसऱ्याने हातोडा घालून ती केबलमध्ये ठोकली. छिन्नी धरणाऱ्याला काही झालं नाही. कारण सोपं होतं. छिन्नी आधी बाहेरच्या नळीला लागली, जी अर्थ केलेली होती. मग आतल्या नळीला लागली, शॉर्ट सर्किट झालं, फ्यूज उडाला, विषय संपला. सहकारी मात्र मानला पाहिजे!

१८९०–९१ मध्ये या केबल सुरू झाल्या आणि पुढे कित्येक दशकं चालल्या. पार्सलचा कागद आणि मेण, बस. कागद हे हाय-व्होल्टेज केबलचं मुख्य इन्सुलेशन जवळजवळ शंभर वर्षं राहिलं, याची सुरुवात इथे झाली.

याच केबलवर एक विचित्र गोष्ट दिसली. डेप्टफोर्डला जेवढं व्होल्टेज सोडलं, त्यापेक्षा लंडनच्या टोकाला जास्त मिळत होतं. पाण्याच्या टाकीतून सोडलेलं पाणी दुसऱ्या टोकाला जास्त दाबाने यावं तसं. आजही इंजिनीअरिंगच्या पुस्तकात याला 'फेरांटी इफेक्ट' म्हणतात. बीटेकला आम्हीही हे पाठ करून परीक्षेत लिहिलंय. हे का होतं, ते लक्षात ठेवा. तिसऱ्या कामाचा धागा इथेच आहे.

कागदातली पोकळी

व्होल्टेज वाढत गेलं तसा कागद अपुरा पडायला लागला. साधारण ३३ केव्हीपर्यंत ठीक चालायचं, त्याच्या फार वर गेलं की केबल काही महिन्यांत, कधी काही वर्षांत फुटायची. बाहेरून काहीही कारण दिसायचं नाही.

कारण आत होतं. दिवसा लोड वाढला की केबल तापते, आतलं तेलकट मेण फुगतं आणि बाहेरचं शिशाचं आवरण ताणलं जातं. रात्री लोड उतरला की मेण आकसतं. पण शिसं मऊ धातू, एकदा ताणलं की परत येत नाही. मग आत बारीक पोकळ्या तयार होतात. त्या पोकळीत व्होल्टेजचा ताण येतो आणि सूक्ष्म ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी कागद थोडासा जाळते. असं रोज, महिनोन्महिने. आणि एक दिवस भोक आरपार!

यावर तोडगा काढला मिलानमध्ये पिरेली कंपनीत काम करणाऱ्या लुइजी एमानुएली याने. हो, तीच टायरवाली पिरेली. त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात एक साधी कल्पना मांडली: केबलच्या मधोमध एक नळी ठेवा, तिच्यात पातळ तेल भरा, आणि मार्गावर ठिकठिकाणी तेलाच्या टाक्या बसवा. केबल तापली की जास्तीचं तेल टाकीत जाईल, थंड झाली की टाकीतून परत येईल. पोकळी तयारच होणार नाही.

१९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागो इथे १३२ केव्हीच्या अशा तेलभऱ्या केबल पडल्या. इथून पुढे मोठ्या शहरांच्या पोटात हाय-व्होल्टेज वीज नेता यायला लागली. पण बघा, केबल आता नुसती तार राहिली नव्हती. तिला टाक्या होत्या, दाब होता, गळती होती, त्यावर नजर ठेवणारी माणसं होती. हवेतल्या तारेला यातलं काहीच लागत नाही.

तेलाची कटकट संपवली प्लास्टिकने. १९६३ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पॉलिथिनच्या रेणूंना एकमेकांशी बांधून एक नवं इन्सुलेशन तयार झालं. याला एक्सएलपीई म्हणतात. साधं पॉलिथिन तापलं की वितळतं, हे वितळत नाही आणि ९० अंशांपर्यंत सतत काम करू शकतं. सुरुवातीला सगळे खूश. मग १९७० च्या दशकात लक्षात आलं, की ओलावा या प्लास्टिकमध्ये झाडाच्या फांद्यांसारखा आत पसरतो आणि केबल अकाली मरते. इंजिनीअर त्याला 'वॉटर ट्री' म्हणतात. मग प्लास्टिक अजून शुद्ध केलं, पाणी अडवणारं धातूचं आवरण घातलं. २००० मध्ये टोकियोत ५०० केव्हीची सुमारे ४० किलोमीटरची एक्सएलपीई केबल सुरू झाली. इन्सुलेशनचं काम जमलं असं म्हणायला हरकत नाही, पण त्याला फेरांटीपासून मोजली तर ११० वर्षं लागली.

दुसरं काम, थंडावा: ऑकलंडचे पाच आठवडे

आता १९९८. न्यूझीलंडमधलं ऑकलंड, देशातलं सगळ्यात मोठं शहर. तिथे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, आणि त्या वर्षी तो नेहमीपेक्षा गरम आणि कोरडा होता. शहराच्या मध्यभागी, जिथे बँका, ऑफिसं आणि हॉटेलं आहेत, तिथे वीज यायची मुख्यतः चार ११० केव्हीच्या भूमिगत केबलमधून. दोन गॅस भरलेल्या, साधारण चाळीस वर्षं जुन्या. दोन तेलभऱ्या.

जानेवारीच्या उत्तरार्धात पहिली केबल गेली. ठीक आहे, अजून तीन आहेत. तिचा भार बाकीच्यांवर गेला. ९ फेब्रुवारीला दुसरी गेली. १९ फेब्रुवारीला तिसरी. आणि २० फेब्रुवारीला चौथी.

शहराचा मध्यभाग बंद. एक-दोन तास नाही, पाच आठवडे! जनरेटर आणले गेले, बंदरात उभ्या केलेल्या मालवाहू जहाजातली वीज शहरात घेतली गेली. त्या भागात काम करणाऱ्या सुमारे ७४,००० लोकांपैकी ६०,००० च्या आसपास लोक घरून किंवा दुसरीकडून काम करायला लागले. हे १९९८ मध्ये, झूम नसताना. तिथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हजारो लोकांना दुसरीकडे सोय करावी लागली. लिफ्ट नाही, पंप नाही, फ्रीज नाही.

हे झालं कसं? यासाठी उष्णतेचा हिशेब समजून घेऊ. तारेतून करंट गेला की ती तापते. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. हवेतल्या तारेची उष्णता वारा घेऊन जातो. केबलची उष्णता मातीतून जावी लागते. ओली माती उष्णता बऱ्यापैकी नेते. कोरडी माती दुप्पट-तिप्पट वाईट, जवळजवळ गोधडीच. आणि इथे एक दुष्टचक्र आहे. केबल तापली की आजूबाजूची माती सुकते. माती सुकली की केबल अजून तापते. अजून तापली की माती अजून सुकते.

केबल किती करंट झेपवेल याचा आकडा कागदावर काढताना माती अमुक इतकी उष्णता वाहून नेईल असं धरलेलं असतं. ऑकलंडमध्ये प्रत्यक्षातली जमीन त्या आकड्याएवढी चांगली नव्हती. त्यात केबल म्हाताऱ्या, त्यात कोरडा उन्हाळा, त्यात एक केबल गेली की तिचा भार उरलेल्यांवर.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला यातली एक गोष्ट जास्तच टोचते. आम्ही बॅकअप म्हणून चार सर्व्हर ठेवतो आणि निवांत झोपतो. पण चारही सर्व्हर एकाच एसीच्या खोलीत असतील आणि एसीच बंद पडला, तर ते चार नसतात, एकच असतो. ऑकलंडच्या चार केबल कागदावर चार होत्या. उन्हाळा सगळ्यांना एकच होता.

आता या गोष्टीतला सगळ्यात बोलका भाग. केबलमधला दोष शोधायला खोदावं लागतं, जोड करायला खास कारागीर लागतात, आणि एका जोडाला दिवस लागतात. मग शहर वाचवलं कशाने? रेल्वेलाइनच्या कडेने घाईघाईत खांब उभे करून हवेतली ११० केव्हीची लाइन ओढली गेली. भूमिगत केबलवर विसंबलेल्या शहराला शेवटी उघड्या तारेने उजेड दिला. नंतर ऑकलंडने सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा खणून त्यातून नवीन केबल नेल्या. बोगद्यात हवा खेळते आणि माणूस चालत जाऊन केबल बघू शकतो. म्हणजे लाखमोलाचा धडा हा, की तार जमिनीत घातली की जमीनसुद्धा त्या यंत्राचा एक भाग होते. तिचीही देखभाल करावी लागते.

म्हणूनच आज मोठी केबल टाकताना खोदलेलीच माती परत ढकलत नाहीत. केबलभोवती उष्णता नीट नेईल असं ठरावीक मिश्रण भरतात. शिवाय केबलच्या लांबीभर फायबर घालून जागोजागचं तापमान मोजता येतं.

तिसरं काम, अंतर: केबल स्वतःच वीज खाते

आता फेरांटीच्या त्या कोड्याकडे परत. कोणतीही केबल म्हणजे मधे तांबं, बाहेर धातू आणि दोघांच्या मधे इन्सुलेशन. बारावीचं फिजिक्स आठवा. ही रचना म्हणजे कपॅसिटर! अख्खी केबल हा एक किलोमीटरोन्‌किलोमीटर लांब कपॅसिटर असतो.

आपली वीज एसी, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं करत सतत दिशा बदलणारी. रबराच्या लांब नळीची कल्पना करा. तुम्ही एका टोकाने पाणी दाबता, तर आधी नळी फुगते. सोडता, तर आकसते. सेकंदाला पन्नास वेळा हे चालू ठेवलं तर बरंचसं पाणी नळीच्या फुगण्या-आकसण्यातच येत-जात राहील. केबलचंही तसंच. ती दर वेळी चार्ज होते, डिस्चार्ज होते. त्यासाठी लागणाऱ्या करंटला चार्जिंग करंट म्हणतात. टॉवरवरच्या तारेलाही हा असतो, पण धातू दूर आणि मधे हवा, म्हणून केबलच्या मानाने अगदी थोडा.

ढोबळ हिशेब करून बघू. ४०० केव्हीच्या केबलला दर किलोमीटरला साधारण १५ अँपिअर चार्जिंग करंट लागतो. समजा केबलची क्षमता १,००० अँपिअर आहे. १५ गुणिले ६६, झाले जवळपास १,००० अँपिअर. म्हणजे पासष्टेक किलोमीटर झाले की केबलची सगळी ताकद स्वतःला चार्ज करण्यातच संपली. पलीकडच्या टोकाला ग्राहकासाठी काहीच उरलं नाही! दर काही किलोमीटरला रिॲक्टर नावाची मोठी यंत्रं बसवून हे काही प्रमाणात आटोक्यात ठेवता येतं. पण शेकडो किलोमीटर? ते एसीच्या आवाक्यात नाही.

उत्तर होतं डीसी. दिशाच बदलत नाही म्हटल्यावर केबल एकदाच चार्ज होते आणि प्रश्न मिटतो. एडिसनची जुनीच डीसी, फक्त आता लाखो व्होल्टची. अडचण एवढीच, की एसीचं डीसी आणि पुन्हा डीसीचं एसी करायला दोन्ही टोकांना मोठी स्टेशनं लागतात. स्वीडनच्या उनो लाम याने या कामाची यंत्रं तयार करण्यात कित्येक वर्षं घालवली. १९५४ मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यापासून गोटलंड बेटापर्यंत शंभरेक किलोमीटरची १०० केव्ही डीसी केबल समुद्राखालून सुरू झाली. क्षमता २० मेगावॅट, आजच्या मानाने काहीच नाही. पण अंतराची भिंत पडली होती.

१९९९ मध्ये त्याच गोटलंडवर ट्रान्झिस्टरवर चालणारी नव्या पद्धतीची डीसी आली, सत्तर किलोमीटर जमिनीखालून, प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलने. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात मरेलिंक नावाची केबल सुमारे १८० किलोमीटर जमिनीखालून गेली. जर्मनीत लोकांनी टॉवरना इतका विरोध केला की २०१५ मध्ये कायदाच झाला, मोठ्या डीसी लाइनसाठी आधी भूमिगत केबलचा विचार करायचा. उत्तरेची पवनऊर्जा दक्षिणेला नेणारी सुएडलिंक ही सुमारे ७०० किलोमीटरची लाइन त्यामुळेच जमिनीखालून चालली आहे.

आपल्याकडे

मुंबईची वीज पहिल्यापासून बाहेरूनच येते. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज घाट उतरून परळला आली ती टॉवरवरच्या तारांनी. तेव्हा मधे मोकळी जमीन होती. आज मधे ठाणे आहे, नवी मुंबई आहे, खाडी आहे, जंगल आहे. टॉवरला जागा मिळणं म्हणजे लोकलमध्ये विंडो सीट मिळण्यासारखं.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद. लोकल जागेवर उभ्या, हॉस्पिटलं जनरेटरवर. पडघा–कळवा भागातल्या ४०० केव्ही लाइन एकामागोमाग हातातून गेल्या होत्या. शहरात वीज आणणारे रस्ते मोजकेच, आणि तेही एकाच बाजूचे. ऑकलंडचीच गोष्ट, फक्त या वेळी हवेतल्या तारांवर. शहरात नवा रस्ता आणायचा म्हणून पालघर जिल्ह्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंतच्या डीसी लाइनच्या योजनेला गती आली. १,००० मेगावॅट, ३२० केव्ही, सुमारे ८० किलोमीटर. त्यातले साधारण ५० किलोमीटर जमिनीखालून.

त्याआधीचं उदाहरण केरळचं. छत्तीसगडमधल्या रायगढपासून तमिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत जवळपास १,८०० किलोमीटर वीज टॉवरवरून येते. पुगलूरहून पुढे त्रिशूरला जाणारी २,००० मेगावॅटची डीसी लाइन २०२१ मध्ये सुरू झाली. तिचा केरळमधला शेवटचा सुमारे ३० किलोमीटरचा तुकडा जमिनीखालून आहे, कारण तिथे घराला घर लागून आणि जमीन मिळणं महाकठीण. बघा, सगळी लाइन पुरली नाही. जिथे टॉवर उभाच राहू शकत नव्हता, तिथेच पुरली.

आणि आता सगळ्यात अवघड प्रकरण. माळढोक. सोलापूरच्या नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, पण पक्षी आता तिथे दिसणं दुर्मीळ. देशात उरलेत ते साधारण दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. माळढोक वजनाला जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि ऐनवेळी वळता येत नाही. हवेतल्या तारा त्याच्यासाठी मृत्यू. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला, हाय-व्होल्टेज लाइनच्या बाबतीत शक्यता तपासून. पण भाग होता सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरचा, आणि तिथेच देशातले मोठे सोलर प्रकल्प. सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या लाइन पुरणं व्यवहार्य नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली.

बातम्यांमध्ये हे 'पक्षी विरुद्ध सौरऊर्जा' म्हणून आलं. पण आता तुम्ही ती बातमी वेगळी वाचू शकता. वाळवंटातली कोरडी वाळू, म्हणजे दुसरं काम अवघड. सोलर पार्कपासून ग्रिडपर्यंत लांबचलांब एसी लाइन, म्हणजे तिसरं काम अवघड. सरकारचा मुद्दा पोकळ नव्हता. पण म्हणून 'अशक्य' हा शब्दही पूर्ण खरा नाही. ३३ केव्हीची वीस किलोमीटरची लाइन आणि ४०० केव्हीची दोनशे किलोमीटरची लाइन ही दोन वेगळी उत्तरं आहेत. आणि दीडशे पक्ष्यांच्या बाबतीत नेमक्या कुठल्या वीस किलोमीटरला पहिला नंबर द्यायचा, हा निर्णय असतो, फिजिक्स नाही.

तर मग, व्हॉट्सॲपवर काय उत्तर द्यायचं?

पुढच्या वेळी कुणी "सगळं अंडरग्राउंड करा" म्हणालं किंवा एखादा अधिकारी "अंडरग्राउंड शक्यच नाही" म्हणाला, तर दोघांनाही हेच चार प्रश्न विचारा. किती केव्ही? किती किलोमीटर, आणि एसी की डीसी? माती कसली? आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार, किती दिवसांत?

चौथा प्रश्न लोक विसरतात. हवेतली तार तुटली की दिसते, लाइनमन चढतो, बहुतेक वेळा काही तासांत लाईट येते. पुरलेली तार वादळात तुटत नाही, पण एकदा गेली की आठवडे घेऊ शकते. आपण कुठला त्रास पत्करायला तयार आहोत, वरचेवर होणारा छोटा की क्वचित होणारा मोठा, हे ठरवावं लागतं. हॉस्पिटलजवळ राहणाऱ्याचं उत्तर वेगळं असेल, शेतात टॉवरचा पाय आलेल्या शेतकऱ्याचं वेगळं. माळढोकाला तर कुणी विचारतच नाही.

आणि हो, फीक्सच्या काळापासून एक गोष्ट बदललेली नाही. वरची तार असो की खालची, तिला हात घालणारा एक माणूस असतोच. पावसात लाईट आली की त्याला मनातल्या मनात एक थँक्यू म्हणा.

एपिसोड आवडला तर ज्या ग्रुपवर हा वाद चालू आहे तिथेच टाका. तुमच्या गावात, शहरात तारा जमिनीखाली गेल्या असतील तर आधी आणि नंतर काय फरक पडला ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, चार्जर लावून ठेवा!